पाहुण्यांचं पाणी

प्रत्येक लॅबमध्ये एक ड्रॉवर असतो, त्यात नुसती बुचं असतात. बाटली फुटते, बूच उरतं. फेकवत नाही, कामालाही येत नाही, आणि ड्रॉवर जरा जोरात ओढला की घरभर लोळत सुटतात. आमच्या लॅबचे किस्से तसे आहेत. लॅब गेली, माणसं पांगली, बुचं माझ्याकडे राहिली. परवा अकोल्याला बहिणीकडे बसले होते. एक पाहुणा आला आणि म्हणाला, आधी पाणी द्या हो. झालं! ड्रॉवर उघडला. बहीण म्हणाली, आता ही जेवणापर्यंत थांबत नाही. नाहीच थांबले.

तर बसा.

नवं राज्य नुकतंच झालं होतं. अमरावतीच्या एका दवाखान्यामागे मोडक्या खाटा ठेवायची खोली होती, तिच्यातल्या खाटा बाहेर काढून आम्हाला आत घातलं. आम्ही म्हणजे तिघं. मोहोडसाहेब डॉक्टर, आमचे मुख्य. मी गावंडेबाई, बी.एस्सी. होऊन अकोल्याहून आलेली, लग्नाआधी नोकरी करणारी पोरगी म्हणून गल्लीत प्रसिद्ध. आणि गुलाबराव शिपाई. गुलाबरावांचं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असायचं, आणि ते मागावं लागायचं नाही.

मोहोडसाहेबांच्या डोक्यात एकच किडा होता. पूर्णेच्या काठानं तो खारपाणपट्टा आहे ना, जिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तिथल्या लोकांच्या किडनीला हे पाणी बाधतं का? दवाखान्यात तिकडचे पेशंट पाहून पाहून त्यांना वाटायचं की बाधतं. पण वाटून काय होतं? किडनीच्या पेशी दाखवाव्या लागतात. म्हणून पुण्याच्या एका कॉलेजच्या हातापाया पडून साहेबांनी वर्षभरासाठी एक मायक्रोस्कोप उसना आणला. दोन डोळ्यांनी पाहायचा! आमचा जुना एका डोळ्याचा, आणि त्यालाही मोतीबिंदू झाल्यासारखं दिसायचं.

अट अशी, की वर्ष सरताना पुण्याहून प्रोफेसर बर्वे येणार, काम पाहणार. पसंत पडलं तर यंत्र इथेच. नाही पडलं तर यंत्र पेटीत, पेटी पुण्याला, खोलीत पुन्हा खाटा, आणि मोहोडसाहेब परत ओपीडीत खोकल्याचं औषध लिहायला. साहेब रोज सकाळी त्या यंत्रावरची मखमल काढताना असा चेहरा करत, की मला बघवायचं नाही. त्यांची आयुष्यातली एकच हौस होती हो ती.

०

पेशी पाहायला किडनी लागते, आणि माणसाची कोण देणार? म्हणून बकऱ्याची. कादरभाई खाटकांकडे टाकळीकडचे, म्हणजे खाऱ्या पाण्यावरचे बकरे यायचे आणि पातूरकडचे, म्हणजे गोड्या पाण्यावरचेही यायचे. किडनी काढल्याबरोबर औषधात पडायला हवी, नाहीतर पेशी बिघडतात. त्यामुळे गुलाबराव दिवस उगवला की फॉर्मॅलिनची बरणी घेऊन दुकानासमोर हजर.

कादरभाईंना हा प्रकार मनापासून आवडत नसे. इतका चांगला माल, आणि तो असल्या उग्र पाण्यात बुडवायचा! ते गुलाबरावांना रोज सुनवायचे, "गुर्दे को नमक-मिर्ची लगती है, भाई. दवाई नहीं लगती."

पण गावात निराळंच पसरलं. मोहोडसाहेब रोज सकाळी औषधातला गुर्दा कच्चा खातात, म्हणूनच ते दिवसभर नळीला डोळे लावून बसले तरी थकत नाहीत! साहेब बिचारे असे शाकाहारी, की वांग्यात अळी निघाली तर जेवण टाकून उठायचे. एक दिवस एक टांगेवाला लॅबमध्ये आला. त्याचा घोडा उतारवयात गेला होता आणि चढावर थांबायचा. त्याला बरणीतलं थोडं पाणी हवं होतं, घोड्यासाठी.

साहेबांनी त्याला खाली बसवून शांतपणे समजावलं, की हे टॉनिक नाही, मेलेलं सडू नये म्हणून वापरायचं औषध आहे. टांगेवाल्यानं विचार केला. मग म्हणाला, "मेलेलं टिकते, त जित्या घोड्याचं काय होईन जी!"

शेवटी गुलाबरावांनी त्याला साध्या पाण्याची बाटली भरून दिली. घोडा सुधारला म्हणे.

०

कादरभाईंनी मग स्वतःच संशोधन हाती घेतलं. आमच्याकडून निकाल निघत नाही असं त्यांच्या लक्षात आलं होतं. एका दुपारी दोन डबे आले. एकात टाकळीकडच्या बकऱ्याचा गुर्दा, एकात पातूरकडच्या, दोन्ही सारख्या मसाल्यात शिजवलेले. निरोप होता, की फरक जिभेला कळतो, नळीतून काय पाहता?

साहेबांनी खिडकी उघडली आणि खिडकीतच उभे राहिले. मी नोंद करायला हवी म्हणून नव्हे, तर भूक लागली होती म्हणून पुढे सरकले, तोवर गुलाबरावांनी दोन्ही डबे चाटूनपुसून साफ केले होते. मग हात धुऊन साहेबांसमोर उभे राहिले आणि अहवाल दिला, की टाकळीच्या डब्यात मीठ वरून घ्यावं लागलं नाही.

साहेब खिडकीतून वळले. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी मला विचारलं, की हे लिहून घेतलं का?

०

किडनीचा तुकडा मेणात बसवायचा आणि त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, असं ते काम. त्याला एक खास पातं असतं, जाडजूड आणि भयंकर धारेचं. ते पातं बोथट झालं. मुंबईहून नवं मागवायचं तर प्रोफेसर येऊन जातील, अशी वेळ. गुलाबराव म्हणाले, धार लावणं हे न्हाव्याचं काम, साहेबांचं नाही. आणि पातं कापडात गुंडाळून भाऊराव न्हाव्याकडे नेलं.

धार अशी लागली, की काय सांगू! काप असे पडायला लागले, की मी श्वास रोखून धरायची, उडून जातील म्हणून. दर आठवड्याला पातं भाऊरावांकडे जाऊ लागलं, आणि परत आलं की पहिले काप टाकळीच्या बकऱ्याचे.

आणि मग एके दिवशी साहेबांनी मला हाक मारली. काचेवर किडनीच्या पेशींमधून एक काळा जाड धागा आडवा गेलेला. दुसऱ्या काचेवरही तसाच. तिसऱ्यावरही तुकडा होता. आणि सगळ्या काचा टाकळीच्या बकऱ्याच्या! साहेबांना घाम फुटला. खाऱ्या पाण्यानं किडनीत तंतू तयार होतात, हे अजून कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी रंगीत पेन्सिलींनी त्या धाग्याची चित्रं काढली. प्रोफेसर बर्व्यांना पहिली हीच काच दाखवायची असं ठरलं. त्या दिवसांत साहेब शीळ घालत लॅबमध्ये यायचे. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

मग एका रविवारी साहेब नेहमीसारखे भाऊरावांकडे दाढीला गेले. भाऊरावांनी त्यांना मोठ्या मानानं बसवलं आणि म्हणाले, तुमच्यासाठी नेहमीसारखं तुमचंच हत्यार. धार लावली की भाऊराव ती गिऱ्हाइकांवर तपासून पाहायचे. परीक्षा घेतल्याशिवाय धार परत कशी द्यायची? आणि साहेब तर दर रविवारचं गिऱ्हाईक. त्यांच्या मिशीची कड आजवर याच पात्यानं निघत होती, फक्त त्यांनी कधी डोळे उघडले नव्हते.

सोमवारी साहेब आले ते थेट यंत्राकडे गेले. मिशीतला एक केस ओढून काढला, काचेवर ठेवला, पाहिला. मग ती टाकळीची काच पाहिली. मग पुन्हा केस पाहिला.

"बाई," ते म्हणाले, "हा बकरा मीच आहे."

०

बकऱ्यानं दगा दिला म्हटल्यावर माणसं उरली. टाकळीच्या घराघरांत आम्ही रिकाम्या बाटल्या वाटल्या. प्रत्येकीवर नाव आणि वय लिहिलेलं. ज्याच्या नावाची बाटली, त्यानं सकाळची लघवी त्यात द्यायची, बस. लघवी उकळून त्यात औषध टाकलं आणि ती दुधासारखी पांढरी झाली, की समजायचं किडनी बिघडली. तशाच बाटल्या पातूरजवळच्या एका गोड्या पाण्याच्या गावातही दिल्या.

पातूरकडच्या बाटल्यांत थोडी बरी, थोडी वाईट लघवी आली, जशी कुठल्याही गावात असते. टाकळीच्या बाटल्या आल्या आणि मी उकळत बसले. एकही पांढरी होईना. रंग एक, वास एक, सगळं एक. सत्तर वर्षांच्या सखुबाईची किडनी घोड्यासारखी. पाळण्यातल्या पोराचीही तशीच. खोकल्यानं अंथरुणाला खिळलेल्या तुळशीरामाची तर इतकी उत्तम, की गुलाबराव म्हणाले, याले पोलिसात घ्या.

साहेबांनी जेवणाचा डबा उघडला नाही. सारखं म्हणत राहिले, खाऱ्या पाण्यानं किडनी सुधारते की काय? मला तर राग आला. मी पदर खोचला, गुलाबरावांना घेतलं आणि एस.टी.नं टाकळी गाठली.

टाकळीचे पाटील ओसरीवरच होते. मी सरळच विचारलं. पाटील जराही लाजले नाहीत. उलट त्यांना वाटलं आम्ही शाबासकी द्यायला आलो.

"डाक्टरसायेबाले बिमार माणसाचं पाठवाव काय, बाई? गावाची इज्जत हाय का नाई?"

गावानं बैठक घेतली होती. टाकळीत शंकर पैलवान नावाचा एक जवान होता, पंचक्रोशीत त्याच्यासारखी तब्येत नाही. गावानं त्याला आदल्या दिवसापासून उसाचा रस, ताक आणि कलिंगड देऊन बसवलं, आणि सकाळी सगळ्या बाटल्या त्यानंच भरल्या. शेवटच्या काही बाटल्यांना त्याला फार त्रास झाला, असं पाटील कौतुकानं सांगत होते. शंकर तिथंच खांबाला टेकून उभा होता. त्यानं मला हात जोडले आणि विनंती केली, की पुढच्या खेपेला बाटल्या जरा लहान आणा.

०

मी म्हटलं, आता आलोच आहोत तर निदान पाणी तरी खरं न्यावं. कारण आधी पाटलांनी पाठवलेलं विहिरीचं पाणीही आम्ही तपासलं होतं, आणि ते चक्क गोड निघालं होतं!

त्याचंही कारण तिथं कळलं. टाकळीचे लोक स्वतः खारं पाणी पितात, पण प्रत्येक घरात एक वेगळा माठ असतो. दूरच्या गावाहून बैलगाडीवर आणलेल्या गोड्या पाण्याचा. तो पाहुण्यांसाठी. घरच्या माणसानं त्याला हात लावायचा नाही, पोरगं तापानं फणफणलं तरच. पाहुण्याला खारं पाणी देणं म्हणजे त्याच्या ताटात माती वाढणं. मग डॉक्टरसाहेबांच्या बाटलीत खारं कसं घालायचं?

मी पाटलांना बजावलं, की मला तेच खारं हवं आहे. आणि कुणावर विश्वास न ठेवता गुलाबरावांना विहिरीवर नेलं, स्वतःच्या डोळ्यांसमोर बादली काढली, चाखून पाहिली, थुंकली, आणि बाटल्या भरून घेतल्या. बुचं घट्ट लावली. बाटल्यांची पिशवी पाटलांच्या ओसरीवर ठेवली. मग पाटलीणबाई जेवल्याशिवाय सोडीनात, म्हणून आत बसलो. भाकरी, ठेचा, झुणका. काय जेवण होतं! आम्ही जेवत असताना पाटलीणबाई मधूनच उठून बाहेर गेल्या, तेव्हा मला वाटलं कोंबड्या हाकलायला गेल्या.

अमरावतीला येऊन साहेबांपुढे बाटली उघडली. साहेबांनी घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी घोट घेतला. गोड! त्या माउलीनं आमचं खारं पाणी तुळशीत ओतून पाहुण्यांच्या माठातलं भरलं होतं. आपल्या दारातून माणूस कडू तोंडानं जायला नको म्हणून.

०

आता पाणी चाखण्याबद्दल. साहेबांचं म्हणणं, जिभेसारखं यंत्र नाही. पाण्याची बाटली आली की आधी ते चाखायचे, मग औषधं. लघवीच्या बाटल्याही तशाच दिसायच्या, म्हणून गुलाबराव त्यांच्या गळ्याला लाल दोरा बांधायचे. लाल दोरा म्हणजे लांब राहा.

मी केलेल्या आरडाओरड्यानंतर टाकळीहून नवी खेप आली. पाटलांनी शपथेवर सांगून पाठवलं होतं, की यावेळी ज्याचं त्याचं आहे आणि विहिरीचं विहिरीचंच आहे. साहेब उतावीळ. त्यांनी पिशवीतून पहिली बाटली काढली, बूच उडवलं, घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"खारट!" ते ओरडले. "बाई, खारट आहे! घ्या, चाखून बघा!"

मी बाटली हातात घेतली. तेवढ्यात गुलाबराव बाजारातून आले आणि म्हणाले, दोऱ्याचं रीळ संपलं होतं, आता आणलं.

त्यानंतर चाखायचं खातं साहेबांनी गुलाबरावांकडे दिलं. आणि विहिरीच्या म्हणवलेल्या बाटल्या? त्या तपासल्या, तर पुन्हा गोड. पाटलांची शपथ पाटलीणबाईंना लागू नव्हती.

०

असं करत करत मे महिना आला आणि प्रोफेसर बर्वे आले. अमरावतीच्या उन्हात, कोट घालून! बोलणं असं स्वच्छ, की प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. आणि आमची परिस्थिती अशी, की उन्हानं मेण मऊ पडलेलं, काप निघेनात, म्हणून मी मेणाच्या वड्या पिण्याच्या पाण्याच्या माठात सोडल्या होत्या, थंड राहायला. प्रोफेसरांनी आल्याबरोबर पाणी मागितलं. गुलाबरावांनी त्याच माठातून ओगराळं भरून दिलं, कारण दुसरं पाणी गरम होतं. प्रोफेसर म्हणाले, पाणी उत्तम आहे, वाळा घातला आहे का? गुलाबराव म्हणाले, वाळ्याहून भारी चीज आहे. मी खाली मान घालून काचा पुसत बसले.

त्यांनी काचा पाहिल्या, कागद पाहिले. मधूनमधून डाव्या कुशीत हात दाबून बसायचे. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, काही नाही, जुना वायू आहे, पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. गुलाबरावांनी ओवा सुचवला.

शेवटी प्रोफेसरांनी चष्मा काढला. म्हणाले, "डॉक्टर मोहोड, तुमचे सगळे संशोधन खाऱ्या पाण्याचे, आणि तुमच्याकडे खारे पाणी नाही."

 साहेबांनी यंत्रावर मखमल घातली, आणि ती नीट बसली तरी पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले.  मीच मग बोलून गेले, की प्रोफेसरसाहेब, टाकळीला चला, तुम्हाला विहिरीवर उभं करते. प्रोफेसरांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, चला.

दवाखान्याची जीप घेतली. जीप मिळेपर्यंत मी एका माणसाला एस.टी.नं पुढे पाठवून पाटलांना निरोप दिला होता, की आज प्रोफेसरांना गोडं पाणी मिळालं तर आमची लॅब बुडाली म्हणून समजा, आणि पाटलीणबाईंना माहेरी पाठवा.

पाटलीणबाई खरंच दिसल्या नाहीत. सगळा गाव मात्र ओसरीसमोर उभा. प्रोफेसर घामानं भिजलेले, ओठ सुकलेले. पाटील तांब्या घेऊन पुढे आले. तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं.

"उभ्या जलमात पाहुण्याले खारं पाणी देल्लं नाई जी," पाटील म्हणाले. "आज देऊन राह्यलो. पाप लागन त या बाईले लागन."

माझ्याकडे बोट करून हो!

प्रोफेसरांनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं, पण गाव पाहत होता आणि माणूस हट्टी होता. म्हणाले, खारट आहे, मान्य आहे, पण पिण्याजोगे आहे. आणि अख्खा तांब्या रिकामा केला. तहान एवढी, की दुसरा मागितला. मग तिसराही. प्रत्येक तांब्याबरोबर गावातल्या माणसांच्या माना खाली खाली जात होत्या. एक म्हातारा तर डोळे पुसायला लागला.

मग सगळे विहीर पाहायला गेले. विहिरीच्या काठावर प्रोफेसरांनी एकदम कूस धरली आणि खाली बसले. मग आडवे झाले. मग जे ओरडले ते इस्त्री नसलेलं ओरडणं होतं!

पाटलांनी कपाळ बडवून घेतलं. गाव माझ्याकडे असा पाहायला लागला, की मी जीप कुठे आहे ते बघून ठेवलं. मोहोडसाहेब मात्र गुडघ्यावर बसले, दोनतीन ठिकाणी दाबून पाहिलं, आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं. खारपाणपट्ट्यातले असले पेशंट त्यांनी जन्मभर पाहिले होते. वायू नव्हे, मुतखडा! म्हणाले, याला अजून पाणी पाजा. गाव गोड्या पाण्याच्या माठांकडे पळाला, तर साहेब ओरडले, जे जवळ आहे ते! तर विहिरीचंच पाजलं. साहेबांनी बॅगेतून इंजेक्शन काढून दिलं. शंकर पैलवानानं प्रोफेसरांना पाठुंगळी घेतलं आणि दवाखाना जवळ करायचा म्हणून जीपकडे धावत सुटला, वाटेतली नांगरलेली ढेकळं तुडवत.

अर्ध्या वाटेत प्रोफेसर म्हणाले, थांबा. शंकर थांबला. त्याला या बाबतीतला अनुभव होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, बाटली."

आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली.  मग बाटलीच्या तळाशी टण्ण असा आवाज झाला.

गुलाबरावांनी सगळ्यांत आधी जाऊन त्या बाटलीला लाल दोरा बांधला.

प्रोफेसर पळसाखाली निजले होते, पांढरे फटक, पण चेहऱ्यावर असं समाधान, की कित्येक वर्षांत मिळालं नसावं. मोहोडसाहेबांनी बाटली उजेडात धरली. पाटील मागून डोकावले. त्यांनी खड्याकडे पाहिलं, मग वळून विहिरीकडे पाहिलं, आणि त्यांची खाली गेलेली मान हळूहळू वर आली.

"आमच्या पाण्यानं पडला," पाटील म्हणाले.

साहेब समजावायला लागले, की तसं नाही, खडा आधीपासून होता, कोणत्याही पाण्यानं पडला असता. पण ऐकतो कोण! गाव पळत सांगत सुटला होता.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांनी आपला खडा आमच्याकडे, त्याच यंत्राखाली, दोन्ही डोळ्यांनी पाहिला. एकदा पाहून त्यांचं समाधान झालं नाही, चहा थंड झाला तरी पाहत होते. मग म्हणाले, "डॉक्टर, या पाण्याने किडनी बिघडते असे तुमचे म्हणणे. सुधारते असे त्या गावाचे म्हणणे. हे ठरेपर्यंत यंत्र येथेच राहील."

साहेबांनी मखमल घडी करून खिशात घातली. मी बाहेर जाऊन मोडक्या खाटांवर बसून मनसोक्त रडले. गुलाबरावांनी पेढे आणले.

उन्हाळा संपायच्या आत टाकळीला जत्रा लागली. अकोल्याहून, नांदगाव खंडेश्वराहून लोक बैलगाड्यांत घागरी घालून यायला लागले. विहिरीला चबुतरा झाला, झाकण झालं. पाटील स्वतः उभे राहून आल्यागेल्याला पहिला तांब्या त्या विहिरीचा द्यायचे, आणि पाहुणा तो कपाळाला लावून प्यायचा. घरोघरी पाहुण्यांच्या माठात आता तेच पाणी, झाकून ठेवलेलं, आणि गाडीवरचं गोडं पाणी घरच्या माणसांना.

साहेब खूश होते. म्हणाले, आता खाऱ्या पाण्याला तोटा नाही. गुलाबरावांना बाटल्या घेऊन टाकळीला पाठवलं. संध्याकाळी गुलाबराव परत आले. पाटलांनी मोठ्या प्रेमानं विचारपूस केली होती, मोहोडसाहेब आता परके नाहीत, घरचेच झाले असं म्हणाले होते, आणि बाटल्या आपल्या हातानं भरून दिल्या होत्या.

साहेबांनी एकेका बाटलीच्या गळ्याला दोरा नाही ना ते पाहिलं. मग एक गुलाबरावांपुढे केली. गुलाबरावांनी बूच काढलं, घोट घेतला, थांबले, आणि मग गटागटा सगळी बाटली पिऊन टाकली.

"ग्वाड हाय जी," ते म्हणाले, आणि दुसरीला हात घातला.